एकेक काम हातातून सुटताना

दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो. त्या म्हणाल्या, "काका, बाहेर बाकावर बसून तुम्ही बाकीच्यांना जे सांगता, तेच कागदावर उतरवा. ज्यांच्या घरात हे नुकतं सुरू झालंय, त्यांना धीर येईल." धीर येईल का, मला माहीत नाही. मी जन्मभर एसटी चालवली, पाथरी आगारातून निवृत्त झालो. लिहायची सवय नाही. जसं आठवतं तसं सांगतो.

गोष्ट माझ्या बायकोची आहे. चंद्रकला तिचं नाव. तिला स्मृतिभ्रंश झालाय. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "तुम्हाला ओळखतात का त्या?" सगळ्यांना तेवढंच विचारायचं असतं. पण ओळख जाण्याच्या कितीतरी आधी घरातली साधी कामं जायला लागतात. चहा करणं, साडी नेसणं, बाजारातून भाजी घेऊन घरी परत येणं. जी करताना माणूस विचारसुद्धा करत नाही, ती कामं. मला त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

येळवशीचा दिवस

चंद्रकलेचं माहेर राणीसावरगाव. त्या भागात येळवस म्हणजे वेळ अमावस्या, दिवाळीपेक्षा मोठा सण. सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा होते, आंबील आणि भज्जी घेऊन पंगती बसतात. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नाहीत. शेंगा, वाटाणे, पालेभाज्या असं शेतात मिळेल ते सगळं शिजवायचं आणि त्याला बेसन लावायचं. लग्न होऊन पाथरीला आली तरी हिनं येळवस कधी चुकवली नाही. भावाच्या शेतातली भज्जी तिच्याच हातची. तिच्या भावजयीसुद्धा त्या पातेल्याला हात लावत नसत.

ज्या वर्षी हे सुरू झालं, त्या वर्षी भाज्या शिजल्या होत्या. बेसन कालवून शेजारी ठेवलं होतं. चंद्रकला चुलीपुढं पळी घेऊन बसली होती. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. थोरली भावजय म्हणाली, "वन्सं, पीठ लावा की. खाली लागायलंय."

"काय लावू?" चंद्रकलेनं विचारलं.

सगळ्या बाया हसल्या. तीपण हसली. भावजयीनं तिच्या हातातून पळी घेतली, पीठ ओतलं आणि ढवळायला लागली. जेवणं झाली. कुणाच्या काही लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळी बांधावरून चालताना ती मागून हळूच म्हणाली, "अवं, मघाशी मला काय करायचं त्येच कळंना गेलं. डोक्यात कुनी दिवा मालवल्यावानी झालं."

मी म्हणालो, "दिसभर चुलीपुढं बसलीस. धुरानं झालं आसंल."

धुरानं नव्हतं झालं. पण ते कळायला पुढचं वर्ष जावं लागलं. घरी आल्यावर एकेक दिसायला लागलं. डाळीत मीठ दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही. चहा उकळायला ठेवायची, पण त्यात पत्ती नसायची. कपडे धुवायला भिजवायची आणि दोन दिवसांनी वास सुटला की कळायचं. मोबाइलवर मुलीला फोन लावताना थांबायची, माझ्याकडं द्यायची आणि म्हणायची, "तुमीच लावा, मला दिसंना." चष्मा बदलून आणला. तरी दिसेना.

सोनपेठची जीप

एका बाजाराच्या दिवशी ती भाजी आणायला गेली. बाजार घरापासून जवळ, रस्ता तिच्या पायाखालचा. दुपारचं जेवण टळून गेलं तरी ती आली नाही. मी बाजारात गेलो, मारुतीच्या देवळाकडं गेलो, ओळखीच्या दुकानांत विचारलं. कुणीच तिला पाहिलं नव्हतं.

आमच्या शेजारी शहनाजभाभी राहतात. त्यांचे मालक माझ्याबरोबर आगारात होते. त्या बँकेतून येत होत्या. स्टँडजवळ जिथं खाजगी जीपा भरतात, तिथं एका जीपमध्ये खिडकीशी त्यांना चंद्रकला बसलेली दिसली. मांडीवर भाजीची पिशवी. जीप सोनपेठला जाणारी होती, तिच्या माहेराच्या वाटेवरची.

शहनाजभाभींनी तिला विचारलं, "कुठं चालल्या, भाभी?"

ती म्हणाली, "घरी."

"घर तर इकडं आहे."

"न्हाई, राणीसावरगावला. दादा न्यायला येनार हायेत गंगाखेडला."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शहनाजभाभी वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा संध्याकाळी येणार आहेत. तोवर चला, चहा घेऊ." तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि घरी आणलं. दारात मी उभा होतो. चंद्रकला मला बघून म्हणाली, "हिकडं उन्हात काहून उभे ऱ्हायले?" आणि पिशवी घेऊन आत गेली. जणू काही झालंच नव्हतं.

शहनाजभाभी दाराबाहेरच थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते. "भाईजान," त्या म्हणाल्या, "आता मीराला बोलवा."

मीरा आमची मुलगी. परभणीत सासर आहे, तिथंच शाळेवर शिकवते. मुलगा विलास पुण्याला कंपनीत. मीरा दुसऱ्या दिवशी आली आणि आम्हाला परभणीला घेऊन गेली.

निदानाचा दिवस

डॉक्टर तरुण होते, बोलायला सौम्य. त्यांनी चंद्रकलेला समोर बसवलं आणि विचारलं, "काकू, आज कोणता वार आहे?"

ती म्हणाली, "तुमचा दवाखाना उघडा हाय, म्हंजे ऐतवार तर न्हाई."

डॉक्टर हसले. मलाही बरं वाटलं. मनात म्हणालो, एवढी हुशारी आहे, म्हणजे काही झालेलं नाही. मग डॉक्टरांनी तिला आंबा, खुर्ची आणि नदी हे शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि कागदावर घड्याळ काढायला लावलं. तिनं गोल काढला, अगदी सुबक. आकडे मात्र सगळे एकाच बाजूला गर्दी करून बसवले. अर्धं घड्याळ रिकामं राहिलं. ती त्या रिकाम्या भागाकडं बघत राहिली. तिथं काहीतरी हवंय हे तिला कळत होतं. काय हवंय, ते कळत नव्हतं.

"मघाचे शब्द आठवतात का, काकू?"

"कोणते शब्द? मला कुनी सांगितलेच न्हाईत."

मग डॉक्टर माझ्याकडं वळले. आंघोळ स्वतः करतात का? साडी नेसायला मदत लागते का? स्वयंपाक पहिल्यासारखा करतात का? सुटे पैसे नीट परत घेतात का? गोळ्या आठवणीनं घेतात का? मी प्रत्येक प्रश्नाला आधी "हो" म्हणालो. मीरा मधेच म्हणाली, "अण्णा, खरं सांगा." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ब्लाउज उलटा घातलेला मी पाहिलाय, एकच साडी चार दिवस अंगावर पाहिलीय, आंघोळीला गेली आणि कोरडीच बाहेर आली हेही पाहिलंय. पाहिलं होतं आणि मनाच्या मागं ढकललं होतं.

डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. दुपारनंतर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषधानं उतार थोडा सावकाश होईल, गेलेलं परत येणार नाही, असं सरळ सांगितलं. त्यांनी आडवळणानं सांगितलं नाही, याचं मला आज बरं वाटतं. त्या दिवशी मात्र त्यांचा राग आला होता.

खाली कँटीनमध्ये बसलो. चहा आला. मीरा तोंडाला पदर लावून बसली होती. चंद्रकलेनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं वाकून कुजबुजली, "पोरीला काय सांगितलं ओ डाक्टरनं? रडायलीय बगा. काई मोठं तर न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "काई न्हाई."

"मग तिला बशीत वतून द्या. च्या गरम हाय." तिनं स्वतःच कप उचलला, मीराच्या बशीत चहा ओतला आणि फुंकर घालायला लागली.

कामं काढून घेतली

आम्ही पाथरीला परतलो. त्याच आठवड्यात तिनं दूध तापायला ठेवलं आणि परसात जाऊन बसली. मी बाहेरून आलो तर घरभर धूर. पातेलं कोळसा झालं होतं, शेजारची फडकी जळत होती. मी सिलिंडर बंद केला, पाणी ओतलं. ती परसातून आली आणि म्हणाली, "काय जळायलंय?"

विलासला फोन केला. तो घाबरला. "अण्णा, मायला आता गॅसपाशी जाऊच देऊ नका. स्वयंपाकाला बाई लावा. विळी, सुऱ्या, सगळं वर ठेवा." मीराचंही तेच मत पडलं. मलाही तेच बरोबर वाटलं. स्वयंपाकाला बाई आली. धुणीभांडी तीच करायची. स्वयंपाकघराच्या दाराला मी बाहेरून कडी लावून घेतली. चंद्रकलेला म्हणालो, "लय केलंस जन्मभर. आता आराम कर."

आम्ही तिच्या भल्यासाठीच केलं. पण महिना-दीड महिन्यात ती इतकी खालावली की तेवढं आजारानं वर्षात केलं नसतं. सकाळी उठवल्याशिवाय उठेना. वेणी घालेना. खुर्चीत बसून लुगड्याचा काठ बोटांनी चोळत राहायची. कधी स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन कडीला हात लावायची आणि परत यायची. जेवण अर्धं टाकायची. एका सकाळी मी तिला म्हणालो, "ऊठ, दात घास, च्या झालाय."

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "मला काई कामच न्हाई ठिवलं तुमी. मग उठू कशाला?"

चहा तिच्या उशाशी तसाच निवून गेला.

बाक

परभणीचा दवाखाना म्हणजे आमची महिन्याची फेरी झाली. सकाळी पाथरीहून एसटी, मानवत ओलांडलं की तिला डुलकी लागायची. तिथं गेलं की लाकडी बाकावर बसायचं. तिथली माणसं हळूहळू ओळखीची झाली. जिंतूरकडचा एक जण वडिलांना घेऊन यायचा. वडील पूर्ण वेळ सदऱ्याची बटणं लावायचे आणि काढायचे. मुलगा आधी त्यांचे हात धरून ठेवायचा. नंतर त्यानं धरणं सोडून दिलं. एकदा त्यानं मला विचारलं, "काका, हे परत पहिल्यासारखं होतं का?" मी म्हणालो, "न्हाई." त्यानं वडिलांचं सुटलेलं एक बटण लावलं. मग म्हणाला, "तुमी तरी खरं सांगितलं."

त्याच दवाखान्यात रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या मॅडम होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, कडीचंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, पूर्ण काम त्यांच्या हातातून काढू नका. कामाचे तुकडे करा. जो तुकडा जमतो तो त्यांना द्या, बाकीचा तुम्ही करा. गॅस तुम्ही पेटवा, चहा त्यांना ढवळू द्या."

आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. वस्तूंची जागा बदलायची नाही. एका वेळी एकच सांगायचं. "आंघोळ करून, साडी नेसून, देवाला दिवा लावून ये" असं म्हटलं की ती पहिल्याच शब्दाला अडकते. म्हणून आधी फक्त "चल, आंघोळ". आणि "ओळख बरं हे कोण आलंय?" अशी परीक्षा कधी घ्यायची नाही. आलेल्या माणसानंच आपलं नाव सांगायचं. "मावशी, मी अमक्याचा," एवढं म्हणायला काय जातं? पण हे पाहुण्यांना शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आणि त्यांच्याशी बोलताना नाव घेऊन बोला. आपल्याशीच बोलतायत हे त्यांना कळतं."

आमच्याकडं बायकोला नावानं हाक मारायची रीत नाही. मी "ऐकलं का" म्हणायचो, नाहीतर "मीराची माय". लग्न झाल्यापासून तिचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं. घरी आल्यावर दोन दिवस धाडस होईना. तिसऱ्या दिवशी ती परसात तुळशीपाशी उभी होती. मी मागून म्हणालो, "चंद्रकला."

ती चटकन वळली. डोळे मोठे झाले. पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं आणि लाजून म्हणाली, "हळू! कुनी ऐकल की."

इतक्या दुःखाच्या दिवसांत एवढी एक गोष्ट मला मिळाली. आजार नसता तर मिळाली नसती.

भाकरी

स्वयंपाकाच्या बाईला मी सकाळपुरतं ठेवलं. दाराची कडी काढली. संध्याकाळी मी आणि चंद्रकला दोघं स्वयंपाकघरात. मला चहासुद्धा येत नव्हता. ड्युटीवर असताना कँटीन, घरी आलो की ताट समोर. आता मी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, तांब्याभर पाणी ओतायला लागलो.

"गार हाय का?" तिनं विचारलं.

"हो."

"गारनं व्हत न्हाई. ज्वारी चिरती. कढत घ्या."

मी बघतच राहिलो. आदल्या दिवशी तिला मुलाचं गाव आठवलं नव्हतं. पण पिठाला कढत पाणी लागतं हे हातांनी सांभाळून ठेवलं होतं. मी पाणी तापवलं. तिनं पीठ मळलं, गोळा केला आणि परातीत थापायला लागली. तो थापण्याचा आवाज कितीतरी दिवसांनी घरात घुमला. शहनाजभाभी भिंतीपलीकडून ओरडल्या, "भाभी, मी पण येते जेवायला!" आणि खरंच आल्या.

तव्यावर मी टाकायचो, वरून पाणी ती फिरवायची, उलटायचो मी. पहिल्या भाकरी नकाशासारख्या झाल्या. ती माझ्या भाकरीकडं बघून पोट धरून हसली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बोटं अशी नका ठिवू. तळहात लावा." अशी मी भाकरी शिकलो. मला वाटतं ती वर्षं, दोन म्हणा, अडीच म्हणा, आमची चांगली गेली. आजार होता तरी चांगली गेली.

साडी

यातलं सगळं लिहू का नको, असं झालं होतं. पण ज्यांना गरज आहे त्यांना हेच कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

आधी तिला साडी नेसताना निऱ्या येईनात. मग परकराच्या आधी साडी गुंडाळायला लागली. मॅडमनी सांगितलं तसं मी कपडे क्रमानं पलंगावर मांडून ठेवायचो, जे आधी घालायचं ते आधी. काही दिवस त्यावर निभावलं. नंतर तेही कळेना. मीरा म्हणाली, "गाऊन घाला. सोपं पडतं." गाऊन घातला तर ही दिवसभर खोलीच्या बाहेर येईना. अंगावर चादर ओढून बसायची. मला कळलं की तिला आपण उघडे आहोत असं वाटतंय.

मग मी मीराकडून साडी नेसवायला शिकलो. मीरानं स्वतः उभं राहून मला निऱ्या घालायला लावल्या. बापाला मुलीनं हे शिकवायचं म्हणजे दोघांनाही अवघड. आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो. मध्येच मीरा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

पहिल्यांदा मी चंद्रकलेला आंघोळ घातली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी अंग झाकलं आणि म्हणाली, "तुमी बाहीर जा. लाज वाटती मला." मी पाठ फिरवून उभा राहिलो. पाणी तसंच निवत होतं. मग तिच्या खांद्यावर मोठा टॉवेल टाकला, टॉवेलावरूनच पाणी घातलं. त्याला तिनं हरकत घेतली नाही. तेव्हापासून तसंच करतो. वेणी घालायला शिकलो, अंबाडा मात्र अजून सैल होतो. चौकातल्या हॉटेलात एकानं विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, आता बायकांची कामं करायलाव म्हणं?" मी म्हणालो, "व्हय, करायलोय." चहा प्यायलो आणि उठलो. आता तिथं जात नाही.

पुण्याची फेरी

विलासला राहवेना. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही एकटे किती दिवस ओढणार? माझ्याकडं या. चांगले डॉक्टर आहेत." मीरा म्हणाली, "माय नव्या जागी घाबरेल." फोनवर भावाबहिणीचं वाजलं. विलास म्हणाला, "तू जवळ राहतेस म्हणून सगळं तूच ठरवायचं का?" मीरानं फोन ठेवून दिला. दोघांचंही खरं होतं. आम्ही पुण्याला गेलो.

घर छान, सून जीव लावणारी. पण चंद्रकलेला कुठलं दार कशाचं ते कळेना. पाथरीच्या घरात ती डोळे मिटून मोरीकडं जायची. पुण्यात रात्रंदिवस दारं उघडत फिरायची आणि शेवटी जिथं उभी असेल तिथं व्हायचं. मग ओल्या साडीत कोपऱ्यात उभी राहून रडायची. लिफ्टमध्ये आरसा होता. त्यातल्या बाईला बघून ती माझ्यामागं लपली. एके दिवशी विलास ऑफिसातून आला, बूट काढत होता. ती उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, आमाला आमच्या गावाला सोडा की. लय उपकार व्हतील."

विलास तसाच खाली बसला. एका पायात बूट होता. मला म्हणाला, "अण्णा, तिकीट काढतो." त्यानं आम्हाला स्वतः पाथरीला आणून सोडलं. जाताना मीराच्या घरी थांबून गेला. त्या दोघांचं काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. तेव्हापासून तो दर महिन्याला येतो आणि मला दोन दिवस झोपू देतो.

गोळा हातात राहिला

पुण्याहून आल्यावर घर तिनं ओळखलं, पण पुष्कळ काही वाटेतच सांडून आलं होतं. एका संध्याकाळी मी पीठ मळलं, गोळा करून तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला. या हातातून त्या हातात केला. मी परात पुढं सरकवली. ती गोळ्याकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"ह्येचं काय करायचं?" तिनं विचारलं.

मी तिचा तळहात धरून गोळ्यावर ठेवला. थापून दाखवलं. तिनं हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला, तिसऱ्या दिवशीही. मग एकदा तिनं गोळा तोंडात घातला. मी तो बोटानं काढला आणि त्यानंतर दिला नाही.

तिला शोक झाला नाही. काय गेलं हे तिला माहीतच नव्हतं. माझ्या एकट्याच्याच लक्षात होतं. त्या संध्याकाळी मी भाकरी केल्या, चांगल्या फुगल्या. खाववल्या नाहीत.

आता तिला जेवायला मऊ खिचडी लागते. पहिला घास मी भरवतो, मग कधी कधी हात आपोआप चालतो. ज्यांच्या घरी हे सुरू झालंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: जे येतं ते करू द्या. वेडंवाकडं झालं तरी करू द्या. सांडलं तर पुसा. जायचं ते जाणारच आहे, आपण आधी काढून घेऊ नये. आणि तुमची तब्येत सांभाळा, रडू आलं तर रडा. शेजारी कुणी शहनाजभाभी असतील तर त्यांना सांगायला लाजू नका.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

दुपारी ओसरीत मी तिला जेवायला वाढलं आणि शेजारी बसलो. तिनं मला नीट पाहिलं. मग परक्या पुरुषापुढं घ्यावा तसा पदर डोक्यावरून घेतला.

"कोन गावचे?" तिनं विचारलं. किती दिवसांनी ती इतकं स्पष्ट बोलत होती.

"पाथरीचाच."

"जेवलाव का?"

"न्हाई अजून."

तिनं ताट माझ्याकडं सरकवलं. "घ्या की मग. यातलंच घ्या." मी एक घास घेतला. ती समाधानानं बघत होती. "घरी कोन हाय?"

"बायको हाय."

"बरी हाय का?"

मी ताट परत तिच्यापुढं सरकवलं. म्हणालो, "न्हाई. बरं न्हाई तिला. सगळं विसरायलीय."

तिचा चेहरा एकदम उतरला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "आई गं," ती म्हणाली. "मग तुमी हितं काहून बसलाव? जा तिच्यापाशी. एकलीच भ्यायली आसंल ती."

"जातो," मी म्हणालो.

आणि तिथंच बसून राहिलो.